‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणण्याआधी...



आपल्याकडे दोन वाक्यं अशी आहेत, की त्यांच्यापुढे कुणी उलट प्रश्न विचारत नाही. एक, ‘वरून ऑर्डर आहे’ आणि दुसरं, ‘कॉम्प्रेसर गेला’. पहिलं ऐकून माणूस गप्प बसतो, दुसरं ऐकून खिशात हात घालतो. हॉस्टेलचा वॉटर कूलर असो, मेसचा डीप फ्रीज असो, नाहीतर गावाकडच्या डेअरीतला बल्क कूलर. मेकॅनिक येतो, कान लावतो, मीटर लावतो आणि निकाल देतो. जुना कॉम्प्रेसर भंगारात, नवा जागेवर, बिल हातात. सहा-आठ महिन्यांनी तोच मेकॅनिक आणि तोच निकाल! आणि आपण म्हणतो, ‘हल्लीचा माल पहिल्यासारखा राहिला नाही.’

माझं म्हणणं सरळ आहे. ‘कॉम्प्रेसर गेला’ ही बातमी झाली, ते कारण नव्हे. नीट सांभाळलेला कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं चालतो. तो अवेळी जातो तेव्हा बहुतेक वेळा दोष त्याच्या पोटात बाहेरून आलेला असतो, आणि बाहेरून येणाऱ्यांत दोन पाहुणे फार वाईट. एक द्रव आणि दुसरा ओलावा. दोघांनाही दारातच अडवता येतं. ते न करता नुसता कॉम्प्रेसर बदलणं म्हणजे छप्पर गळतंय म्हणून सतरंजी बदलण्यासारखं आहे.

सगळं खापर व्होल्टेजवर!

कुणालाही कारण विचारा, उत्तर तयार असतं : ‘व्होल्टेज!’ कमी व्होल्टेजने मोटर तापते, वायंडिंग जळतं, हे खोटं नाही. सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही. २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाने गावंच्या गावं अंधारात काढायची. आजही वादळवाऱ्यात लाइन जाते ती कधी येईल याचा भरवसा नसतो. पण व्होल्टेज हे फार सोयीचं कारण आहे. ते सांगितलं की कुणाचीच चूक उरत नाही. बसवणाऱ्याचीही नाही, वापरणाऱ्याचीही नाही. म्हणूनच ते जरा जास्तच वेळा सांगितलं जातं.

आता कुणी म्हणेल, फ्रीज-एसीच्या या भानगडीचं पंढरपुरात एवढं काय? मंडळी, आपल्या तालुक्याकडे जरा नीट बघा. कासेगावची द्राक्षं, त्यांचा बेदाणा, माळरानावरची डाळिंबं आणि घरोघरचं दूध. हा सगळा माल काळाशी शर्यत लावून जगतो. दूध धारेला निघतं तेव्हा जनावराच्या अंगाइतकं गरम असतं. ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणलं नाही तर मे महिन्यात संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत टिकत नाही. बेदाण्याचा रंग टिकवायचा तर शीतगृह हवं. रंग गेला की भाव गेला. म्हणजे ज्याला आपण ‘थर्मलचा एक युनिट’ म्हणतो, त्याच्यावर आपल्यापैकी कित्येकांच्या घरची फी अवलंबून आहे!

पहिला पाहुणा : द्रव

थर्मलच्या पेपरात आपण ‘ड्राय कॉम्प्रेशन’ आणि ‘वेट कॉम्प्रेशन’ अशा दोन आकृत्या काढतो. टी-एस डायग्रामवर फरक एवढाच, की कॉम्प्रेशन सुरू होतानाचा बिंदू सॅच्युरेशन रेषेच्या आत आहे की नाही. आकृती काढली, मार्क मिळाले, विषय संपला. सिलिंडरमध्ये मात्र तो तिथून सुरू होतो.

५० हर्ट्झवर चालणारी दोन पोलची मोटर मिनिटाला सुमारे २९०० फेरे मारते. म्हणजे पिस्टनला खालून वर यायला सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग मिळतो. समोर वायू असेल तर तो दाबला जातो, कारण वायू दबतो. द्रव दबत नाही. पिस्टन अगदी वर आला की डोक्याशी उरणारी जागा सिलिंडरच्या काही टक्केच असते. त्याहून जास्त द्रव आत आला, तर त्या शंभराव्या सेकंदात त्याला चिमुकल्या डिस्चार्ज व्हॉल्व्हमधून निसटायचं असतं. ते जमलं नाही की व्हॉल्व्हची पत्ती तुटते, गास्केट फाटतं, कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर ‘खट् खट्’ ऐकू येतं तेव्हा आत हेच चाललेलं असतं.

हा द्रव येतो कुठून? वाटा तीन.

पहिली वाट, मशीन चालू असताना. इव्हॅपोरेटरमध्ये गॅसची पूर्ण वाफ व्हायला पुरेशी उष्णता मिळाली नाही, तर उरलेला द्रव सक्शन पाइपमधून परत येतो. फॅन बंद पडलेला, जाळी धुळीने भरलेली, कॉइलवर बर्फाचा थर, एक्स्पान्शन व्हॉल्व्हचा बल्ब पाइपवरून सैल झालेला, नाहीतर गॅस अंदाजे जास्त भरलेला, यांपैकी एक काहीतरी असतंच. गंमत म्हणजे सक्शन लाइनवर आणि कॉम्प्रेसरच्या अंगावर पांढरं दव गोठलेलं दिसलं की मालक खूश होतो, ‘काय मस्त कूलिंग आहे!’ अहो, गारवा इव्हॅपोरेटरमध्ये हवा. कॉम्प्रेसरच्या अंगावर आलेला बर्फ हे बहुधा द्रव तिथवर पोचल्याचं लक्षण असतं.

दुसरी वाट, मशीन बंद असताना. ही जास्त फसवी. गॅसचा स्वभाव असा, की तो संपूर्ण सिस्टिममधल्या सगळ्यात गार जागी जाऊन द्रव होतो. रात्री पाऊस पडून गेलाय, खोली उबदार आहे, बाहेरचा युनिट गार पडलाय आणि लाइट चार तास नाही. अशा वेळी गॅस हळूहळू बाहेरच्या कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन मुरतो. लाइट आली, बटण दाबलं, की क्रँककेसमधला दाब एकदम उतरतो आणि तेलात मुरलेला गॅस सोडा वॉटरची बाटली उघडावी तसा फसफसतो. तो फेस तेल घेऊन वर जातो, आणि बेअरिंगला ऐन सुरुवातीला तेलाऐवजी पातळ गॅस मिळतो. एकदा चालतं, दहादा चालतं. मग एक दिवस जाम! त्या दिवशी खरंच नुकती लाइट आलेली असते, म्हणून नाव व्होल्टेजचं लागतं.

तिसरी वाट आपल्या हातची. घाई म्हणून सिलिंडर उलटा धरून चालू मशीनच्या सक्शनमध्ये द्रव गॅस सोडायचा. मिश्र गॅस द्रवरूपातच भरावे लागतात हे खरं, पण तेही गेज मॅनिफोल्डचा कॉक जेमतेम उघडून, थोडं थोडं.

उपाय काही जगावेगळे नाहीत. गॅस वजनावर भरावा. ‘हाताला गार लागलं, बस’ हे माप नव्हे. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी सुपरहीट मोजावा, म्हणजे पाइपचं तापमान आणि त्या दाबाचं सॅच्युरेशन तापमान यांतला फरक. तो शून्याकडे सरकत असेल तर द्रव दारात आलाय असं समजावं. बल्ब घट्ट बांधून त्यावर इन्सुलेशन करावं. जिथे द्रव परत येण्याची शक्यता जास्त, तिथे सक्शन अ‍ॅक्युम्युलेटर बसवावा. मोठ्या युनिटला क्रँककेस हीटर असतो, तो तेल कोमट ठेवतो म्हणून गॅस त्यात मुरत नाही. पण हीटरलाही वीजच लागते! म्हणून बराच वेळ लाइट गेल्यानंतर आधी हीटर चालू ठेवून थांबायचं असतं; सीझनभर बंद असलेल्या मशीनला कंपन्यांच्या पुस्तिका १२ ते २४ तास सांगतात. आपण किती थांबतो? चहा होईपर्यंत.

दुधाच्या टाकीत सगळ्यात गार जागा इव्हॅपोरेटरच असते, त्यामुळे मशीन थांबलं की द्रव तिथे साचतो आणि सुरू होताच कॉम्प्रेसरकडे धावतो. त्यावर पंप-डाउन हा उपाय आहे. थर्मोस्टॅट आधी लिक्विड लाइनचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद करतो, कॉम्प्रेसर इव्हॅपोरेटर रिकामा करतो आणि मगच थांबतो.

अमोनियावर चालणाऱ्या शीतगृहांत तर ही काळजी मशिनरीतच घेतलेली असते. सक्शनला लिक्विड सेपरेटर, त्यावर पातळी वाढली की मशीन थांबवणारा कट-आउट, आणि तरीही द्रव आलाच तर उचललं जाणारं स्प्रिंगचं सेफ्टी हेड. पण कट-आउट सारखा ट्रिप होतो म्हणून त्याला वायर टाकून ‘डायरेक्ट’ करणारेही महाभाग असतात. ट्रिप होणं हा त्याचा दोष नव्हे, ते त्याचं काम आहे!

दुसरा पाहुणा : ओलावा

द्रव दणका देतो, ओलावा पोखरतो. सिस्टिममध्ये पाणी किती चालतं? थोडा हिशोब करू. घरगुती फ्रीजमध्ये गॅस १२० ग्रॅम धरा. नव्या गॅसमध्ये पाणी साधारण १० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, असा मानकांचा आग्रह असतो. म्हणजे १२० ग्रॅमला सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. तो एकटा आत गेला की आकडा ४०० पीपीएमच्या पुढे! पाइप कापून तासभर उघडा ठेवला, ड्रायरचं सील आदल्या दिवशीच फोडून ठेवलं, की हा थेंब कुणाला न दिसता आत जातो. आपला तालुका पाऊसमानात गरीब खरा, पण आषाढातली हवा कोरडी नसते.

आत गेलेलं पाणी दोन कामं करतं. एक, कॅपिलरीच्या किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठतं. कूलिंग थांबतं, मशीन बंद ठेवलं की बर्फ वितळतो आणि पुन्हा चालू होतं, पुन्हा थांबतं. यावरचा गावठी इलाज म्हणजे कॅपिलरीला काडी पेटवून शेक देणं. बर्फ वितळतो, पाणी तिथंच राहतं! शिवाय आताच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा वायू आहे, त्यामुळे हा इलाज जिवावर बेतू शकतो.

दुसरं काम मंद विषासारखं. पाणी, तेल, गॅस आणि उष्णता एकत्र आली की आम्ल तयार होतं. सीलबंद कॉम्प्रेसरमध्ये मोटरचं वायंडिंग त्याच तेल-गॅसमध्ये राहत असतं. आम्ल वायंडिंगचं वॉर्निश खातं, तेलाचा गाळ करतं, पाइपचं तांबं विरघळवून बेअरिंगवर चढवतं. शेवटी वायंडिंग शॉर्ट होतं आणि आपण म्हणतो, ‘मोटर जळाली.’ आता खरी मेख अशी, की मोटर जळताना झालेलं आम्ल सगळ्या पाइपांत पसरलेलं असतं. सिस्टिम साफ न करता, ड्रायर न बदलता तिथे नवा कॉम्प्रेसर लावला, तर त्याचा आजार पहिल्या दिवसापासून सुरू. सहा-आठ महिन्यांचं कोडं उलगडलं की नाही?

यात थोडा इतिहासही आहे. जुना आर-१२ गॅस आणि त्याचं मिनरल ऑइल ही जोडी तशी सोशिक होती. ओझोनच्या थरासाठी १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि भारतात १ जानेवारी २०१० पासून सीएफसी बंद झाले. त्यांच्या जागी आलेल्या आर-१३४ए आणि पुढच्या बऱ्याच गॅसांबरोबर पॉलिओल एस्टर तेल आलं. हे तेल हवेतला ओलावा टिपकागदासारखा ओढतं, आणि पाण्याशी संयोग होऊन स्वतःच आम्ल बनतं. गॅस बदलला, तेल बदललं, पण सवयी आर-१२ च्याच राहिल्या. कॉम्प्रेसरलाच व्हॅक्युम पंप म्हणून वापरायचं, ‘सेल्फ व्हॅक्युम’ म्हणायचं आणि दहा मिनिटांत गॅस भरून मोकळं व्हायचं.

सुईवर विश्वास ठेवू नका

व्हॅक्युमचा मुद्दा आपल्या गावाच्या हिशोबाने समजून घेण्यासारखा आहे. व्हॅक्युम कशासाठी? हवा काढायला, हे अर्धंच उत्तर झालं. दाब इतका उतरवायचा, की आतलं पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ व्हावं आणि पंपाने ओढून न्यावं. २५ अंशांना पाणी उकळायला दाब सुमारे २४ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली हवा. पंढरपूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंच आहे. इथला हवेचा दाबच सुमारे ७२० मिलिमीटर. म्हणजे २५ अंशांना साध्या गेजवर ६९५ च्या पुढे सुई गेल्याशिवाय आतलं पाणी उकळायलाच लागत नाही. सुई ६५० वर स्थिर झाली, मेकॅनिक म्हणाला ‘फुल व्हॅक्युम’, तरी पाणी आत मजेत बसलेलं असतं! वरचे शेवटचे मिलिमीटर तर त्या सुईला कळतच नाहीत. त्यासाठी मायक्रॉन गेज लागतो (एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन) आणि ५०० मायक्रॉनपर्यंत उतरणं ही रूढ कसोटी आहे. मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून थांबायचं. आकडा थोडा वाढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक, वाढतच राहिला तर लीक. इतकी सोपी आणि खरी परीक्षा आपल्या युनिट टेस्टमध्येही नसते.

याच्या जोडीला दोन नियम. लीक बघायला कोरडा नायट्रोजन वापरायचा. कॉम्प्रेसरने हवा भरली की तिच्याबरोबर पाणीही भरलं. ऑक्सिजन तर चुकूनसुद्धा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. आणि सिस्टिम उघडली की ड्रायर नवा, आणि त्याचं सील अगदी शेवटी फोडायचं.

जाता जाता वर्कशॉपमधल्या एअर कॉम्प्रेसरचाही हिशोब करा. ३० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅम पाणी मावतं. पावसाळ्यात ८० टक्के आर्द्रतेची आठ घनमीटर हवा ७ बार गेजला दाबून एक घनमीटर केली, की त्यातलं १६० ग्रॅमच्या आसपास पाणी टाकीत गळून पडतं. तासात असे किती घनमीटर होतात? तरी टाकीखालचा ड्रेन कॉक कित्येक ठिकाणी गंजून बसलेला असतो. रोज तो एकदा सोडणं याला डिग्री लागत नाही. तेल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर समजावं, पाणी टाकीतच नाही, क्रँककेसमध्येही आहे.

दोष कुणाचा?

सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारून आपण इंजिनीअर मंडळी हात झटकणार असू, तर ते बरोबर नाही. भर उन्हात मोटारसायकलवर टूलकिट घेऊन येणाऱ्या त्या माणसाला आपणच म्हणतो, ‘मामा, फक्त गॅस भरा, बाकी राहू द्या.’ नीट व्हॅक्युमला दोन तास लागतात. त्या दोन तासांचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, उलट दहा मिनिटांत करून देणाऱ्याला हुशार म्हणतो. मग तो तरी पंप कशाला उचलून आणेल? २०१९ च्या भारत शीतकरण कृती आराखड्यात २०२२-२३ पर्यंत एक लाख सर्व्हिसिंग तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. चांगलंच आहे. पण शिकून आलेल्या तंत्रज्ञाला गिऱ्हाईकाने घाई केली तर ते शिक्षण पिशवीतच राहतं. गिऱ्हाईकही शिकायला हवं.

आणि आपण? सी.ओ.पी. चार दशांश स्थळांपर्यंत काढणाऱ्या किती जणांनी तुटलेली व्हॉल्व्ह प्लेट हातात घेतली आहे? पुस्तकातला कॉम्प्रेसर कधीच बिघडत नाही, म्हणून तो का बिघडतो हे आपल्याला कुणी विचारत नाही.

म्हणून सरांपुढे आणि रेक्टर सरांपुढे चार साध्या गोष्टी ठेवतो.

एक : कॅम्पसवर जाणारा प्रत्येक कॉम्प्रेसर भंगारात देण्याआधी लॅबमध्ये कापून बघावा. तुटलेली पत्ती, काळं तेल, तांबं चढलेलं बेअरिंग, प्रत्येक खूण काही सांगते. फक्त जळालेल्या मशीनच्या तेलाला उघडा हात लावू नये, त्यात आम्ल असतं.

दोन : लॅबला दोन स्टेजचा व्हॅक्युम पंप, मायक्रॉन गेज आणि नायट्रोजनचा सिलिंडर असावा. वर्षातून एकदा गावातल्या मेकॅनिकना बोलवावं. ते आपल्याला हात शिकवतील, आपण त्यांना हिशोब सांगू.

तीन : प्रत्येक वॉटर कूलर, फ्रीज आणि एसीवर एक कार्ड लटकवावं. कधी उघडला, गॅस किती ग्रॅम भरला, ड्रायर बदलला का, व्हॅक्युम किती मायक्रॉन. बिलाला हे कार्ड जोडल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

चार : हे आपलं, हॉस्टेलवाल्यांचं. डीप फ्रीजमधला बर्फ चाकूने खरवडायचा नाही. इव्हॅपोरेटरला भोक पडलं की गॅस जातो. आर-६००ए च्या फ्रीजमध्ये तर चालू असताना तिथला दाब हवेपेक्षाही कमी असतो, म्हणजे भोकातून ओली हवा थेट आत. एसीची जाळी महिन्यातून एकदा धुवायची. वॉटर कूलरच्या जाळीवर टॉवेल वाळत घालायचे नाहीत, बरं का!

यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही, मोठं बजेटही नाही. लागते ती ‘का?’ विचारायची सवय. वर्कशॉपच्या मागे दोन-तीन मेलेले कॉम्प्रेसर पत्र्याखाली पडलेत. पुढच्या खेपेला भंगारवाला यायच्या आत त्यातला एक तरी लॅबच्या टेबलावर यावा, एवढीच विनंती. कापायला आम्ही येतो.

— शेवटचं वर्ष, मेकॅनिकल